तेलाचा एवढा पैसा आला, तरी इराणी लोक आपल्या राजावर, शहावर का उठले?

प्रश्न: सर, माझे वडील सत्तरच्या दशकात पुण्यात कॉलेजला होते. वर्गात इराणी मुलं होती, खर्चाला पैसे भरपूर, आणि तीच मुलं शहाविरुद्ध पत्रकं वाटायची असं वडील सांगतात. देशात पैसा येत होता तर राग कसला? (एक वाचक, सांगली)

उत्तर: गरिबी वाढली म्हणून लोक उठले असं धरून चाललं की इराण कळतच नाही, तिथे घोळ झाला तो पैसा आल्यावर. ऑक्टोबर १९७३ च्या सुरुवातीला तेलाचं बॅरल तीन डॉलरच्या आसपास होतं, जानेवारी १९७४ ला साडेअकराच्या वर, म्हणजे तीन महिन्यांत जवळपास चौपट. त्या ऑगस्टमध्ये शहाने रामसर गावी बैठक घेतली आणि पंचवार्षिक योजनेचा खर्च जवळपास दुप्पट करून टाकला. नियोजन खात्यातले अर्थतज्ज्ञ सांगत होते की एवढा पैसा देशाला झेपणार नाही, बंदरं अपुरी, रस्ते अपुरे, शिकलेली माणसं अपुरी, पण ऐकणार कोण. मग खुर्रमशहरच्या बंदराबाहेर जहाजं महिनोन्‌महिने उभी, ट्रक विकत आणले तर चालवायला ड्रायव्हर नाहीत, आणि पैसा मात्र खेळायला लागलेला, त्यामुळे भाव सुटले. सगळ्यात वाईट घरभाडं. तेहरानची वस्ती १९५६ ला १५ लाख होती ती १९७६ ला ४५ लाखांवर गेली, घरं तेवढी कुठून येणार, चांगल्या पगारदार माणसाचाही निम्मा पगार भाड्यात जायला लागला.

आणि मग १९७७ ला उलटं. महागाई आवरायची म्हणून नवे पंतप्रधान जमशीद आमूझगार यांनी सरकारी खर्चाला ब्रेक लावला, बांधकामं थंडावली, आणि गावाकडून येऊन साइटवर विटा-सिमेंट उचलणारी हजारो पोरं रिकामी बसली. त्याच उन्हाळ्यात दक्षिण तेहरानच्या कडेच्या झोपड्यांवर बुलडोझर गेले, लोक दगड घेऊन उभे राहिले. चार वर्षांपूर्वी ज्यांना "आता आपला देश युरोपच्या बरोबरीला जाणार" असं राजा स्वतः सांगत होता, त्यांच्या डोक्यावरचं छप्पर गेलं. माझ्या मते उठावाचं मूळ इथे आहे, आधी आशा लावली आणि मग एकदम हात काढून घेतला. तुमच्या वडिलांच्या वर्गातल्या मुलांना घरी पैशाची अडचण नव्हती, पण बोलायची सोय नव्हती, सावाक नावाच्या गुप्त पोलिसांची दहशत होती, आणि १९५३ ला निवडून आलेले पंतप्रधान मोसद्देघ यांना अमेरिका-ब्रिटनच्या मदतीने हटवलं गेलं ते त्यांच्या घरात कोणी विसरलं नव्हतं.

प्रश्न: व्यापारी तर राजाच्या बाजूने असतात. तेहरानचे बाजारवाले विरोधात कसे गेले? (एक वाचक, मालेगाव)

उत्तर: हा खरा प्रश्न आहे, आणि ह्याचं उत्तर नीट द्यायला पाहिजे. इराणमधला बाजार म्हणजे नुसती दुकानं नव्हेत. गालिचे, धान्य, कापड, किराणा यांचा ठोक धंदा तिथे, उधारी-उसनवारी तिथे, बँक ज्याला दारात उभं करत नाही अशा कारागिराला कर्ज तिथे, आणि मशिदीला, मदरशाला, मुल्लांच्या पगाराला पैसा पण तिथूनच. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणारी माणसं. शहाला हे सगळं जुनाट वाटायचं, त्याला सुपरमार्केट हवी होती, सरकारी बँका आणि दरबाराच्या ओळखीतले मोठे कारखानदार हवे होते, स्वस्त कर्जं आणि परवाने त्यांनाच.

तरीपण बाजारवाले गप्प होते, धंदा चालला होता ना. १९७५ ला मात्र राजाने चूक केली ती भयंकर. महागाई स्वतःच्या उधळपट्टीने झालेली, पण दोष ठेवला दुकानदारांवर. "नफेखोरीविरुद्ध मोहीम" काढली, मार्चमध्ये बाकीचे पक्ष बंद करून जो एकच रस्ताखीझ पक्ष काढला होता त्याच्यामार्फत कॉलेजची पोरं तपासनीस म्हणून बाजारात सोडली, ती दुकानात शिरून भाव तपासायची, दंड ठोकायची. इतिहासकार सांगतात की सुमारे ८,००० दुकानदार तुरुंगात गेले, दंड झालेले तर त्याहून कितीतरी जास्त. वीस वर्षं एका पेढीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला विशीतला पोरगा सगळ्या गल्लीसमोर चोर ठरवतो, हे कोण विसरेल? शिवाय बाजारवाल्यांच्या जुन्या संघटना मोडून तिथेही पक्षाची माणसं बसवली. आता तक्रार न्यायची तर कोणाकडे, वर्तमानपत्र सरकारी, पक्ष सरकारी, संसद नावाला. उरली मशीद. १९७८ ला जेव्हा निदर्शनं सुरू झाली तेव्हा बाजार दिवसेंदिवस बंद ठेवणारे आणि संपावरच्या लोकांच्या घरी पैसे पोचवणारे हेच लोक.

प्रश्न: शहाने शेतकऱ्यांना जमिनी वाटल्या होत्या, ते तरी त्याच्या पाठीशी का नाही उभे राहिले? (एक वाचक, बार्शी)

उत्तर: वाटल्या, १९६२ च्या कायद्याने, आणि जमीनदारांची सत्ता खरंच मोडली, ते नाकारून चालणार नाही. पण आपल्याकडे कुळ कायद्यात कुळ म्हणून ज्याचं नाव लागलं त्याचं भलं झालं आणि रोजाने राबणारा बाजूलाच राहिला, तसंच तिथे झालं, वहिवाटीचा हक्क नसलेल्या मजुराला काहीच नाही. ज्यांना मिळाली त्यांच्यातही अनेकांना पोट भरणार नाही एवढाच तुकडा, त्यात सरकार शहरासाठी बाहेरून स्वस्त गहू आणणार. खुझेस्तानात देझ धरणाखाली तर वाटलेल्या जमिनी परत घेऊन मोठ्या शेती कंपन्यांना दिल्या. ह्या माणसांची मुलंच तेहरानच्या साइटवर आली होती, ती वर सांगितली.

प्रश्न: मग ही धर्माची क्रांती की पोटाची? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर: दोन्ही, पण धर्माचं काम काय होतं ते नीट बघा. जानेवारी १९७८ मध्ये एका सरकारधार्जिण्या पेपरने शहाने देशाबाहेर घालवलेले धर्मगुरू खोमेनी यांची बदनामी करणारा लेख छापला, ९ तारखेला कोम या धर्मनगरीत निदर्शकांवर गोळीबार झाला. शिया रिवाजाप्रमाणे मृतांचा चाळीसावा पाळतात, म्हणून १८ फेब्रुवारीला तब्रिझमध्ये लोक जमले, तिथेही माणसं मेली, मग त्यांचा चाळीसावा मार्चच्या शेवटी, यझ्दला आणि इतर गावांत. सरकारला सभा बंद करता येते, दुखवटा कसा बंद करणार? खोमेनींची भाषणं कॅसेटवरून घरोघरी पोचत होती. म्हणजे राग भाड्याचा, बेकारीचा, अपमानाचा, आणि तो एकत्र यायची जागा मशीद, कारण बाकीच्या जागा राजानेच बंद केल्या होत्या. ८ सप्टेंबरला तेहरानच्या झालेह चौकात सैन्याने गोळ्या घातल्या त्यानंतर तडजोड संपली.

प्रश्न: एवढं सैन्य असताना राजा पडला कसा? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: तेल कामगारांमुळे, असं मी म्हणेन. १९७८ च्या शरद ऋतूत आबादान, अहवाझ या तेलाच्या शहरांतले कामगार संपावर गेले. रोजचं ५८ लाख बॅरलचं उत्पादन नोव्हेंबरपर्यंत साधारण १५ लाखांवर आलं, पुढे अजून खाली. मागण्या पगारापुरत्या नव्हत्या, राजकैदी सोडा, लष्करी कायदा उठवा, परदेशी तंत्रज्ञांना काढा. सैन्याने विहिरीवर पहारा दिला तरी तेल काढता येत नाही ना, ज्याला येतं तो घरी बसलेला. बँका, कस्टम, वीज खातं सगळीकडे तेच. १६ जानेवारी १९७९ ला शहा देश सोडून गेला.

ह्या कामगारांनी तेव्हा कारखान्याकारखान्यांत 'शूरा' म्हणजे आपल्या समित्या काढल्या, कारभार आपण चालवू म्हणून. खोमेनींच्या नव्या सरकारने त्या थोड्याच वर्षांत मोडून काढल्या. राजघराण्याची मालमत्ता 'मुस्तझफान' म्हणजे दुर्बळांच्या नावाने काढलेल्या संस्थेकडे गेली, तिच्यावर ताबा मात्र नव्या सत्ताधाऱ्यांचा. त्या कामगारांबद्दल मला फार वाईट वाटतं, कारण डिसेंबरच्या थंडीत पगाराशिवाय बसलेले तेच होते.