कॉलेजच्या घोटाळ्यासाठी अख्ख्या संघाला शिक्षा करणं न्याय्य आहे का? अमेरिकेत एसएमयू (डॅलसचं सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ) आणि पेन स्टेट (पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ) यांच्या अमेरिकन फुटबॉल संघांना झालेली शिक्षा तुम्हाला पटते का?

नाही. निदान ज्या पद्धतीने करतात ती तर अजिबात नाही. माझं टी.वाय. यात गेलंय, त्यामुळे उत्तर थोडं तिखट वाटलं तर चालवून घ्या.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी बी.एस्सी.ला होतो. कबड्डीत डावा कोपरा. आमची पकड बरी होती, चढाईत मात्र मार खायचो. मी एस.वाय.ला असताना आमच्या क्रीडाशिक्षकांनी त्यावर इलाज काढला. शेजारच्या गावातल्या मंडळाचा एक चढाईपटू आणला. पोरगं वाऱ्यासारखं, पण शिक्षण बारावीला थांबलेलं. कॉलेजात नाव असलेला, मैदानाकडे कधी न फिरकलेला एक मुलगा शोधला, त्याच्या आयकार्डावर याचा फोटो चिकटवला, वर शिक्का. पात्रता फॉर्मवर प्राचार्यांची सही. झाला विद्यार्थी.

त्या आठवड्यात आमचा सराव कसला झाला असेल, तर त्याला नव्या नावाने हाक मारायचा. कुणी चुकून खरं नाव घेतलं की सर शिट्टी मारायचे आणि परत पहिल्यापासून.

झोन जिंकलो. इंटरझोनलच्या सेमीफायनलला दुसऱ्या सत्रात त्याचा घोटा धरला गेला. तो मधल्या रेषेकडे सरपटतोय, आणि तेवढ्यात कुणीतरी त्याचं खरं नाव घेऊन ओरडलं. समोरच्या कॉलेजच्या सरांनी त्याला खुल्या स्पर्धांत पाहिलेलं, पण खात्री होत नव्हती. आता झाली. त्यांनी हरकतीची फी भरली, लेखी दिलं. पंचांनी त्याला टेबलाजवळ बोलावून नाव विचारलं, ते त्याने बरोबर सांगितलं. मग विचारलं, वडिलांचं नाव काय? बिचाऱ्याने स्वतःच्या वडिलांचं सांगितलं. तेवढाच सराव राहिला होता.

कॉलेजवर कबड्डीत दोन वर्षं बंदी आली. मुलांच्या संघावर आणि मुलींच्याही. मुलींचा काय संबंध, ते मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. त्यांच्यातली एक आदल्या वर्षी विद्यापीठाच्या शिबिरापर्यंत गेली होती. पुढच्या वर्षी ती आमच्या सरावाला येऊन रेषेबाहेर उभी राहायची, नंतर यायचीच बंद झाली. सरांची बदली झाली, त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाखेत. तिथे त्यांनी वर्षभरात नवा संघ उभा केला. तो चढाईपटू मंडळाकडून खेळत राहिला, त्याला कसला तोटा? आम्ही सात-आठ जण मात्र विद्यापीठाच्या निवडीला मुकलो. पोलिसभरतीत खेळाडूंच्या ५ टक्के जागा डोळ्यांसमोर ठेवून दोघं पहाटे पळायचे, त्यांचं पळणं थांबलं. मी एमसीए करून पुढे डॅलसला आलो, माझं निभावलं.

इथे आमचा मॅनेजर एसएमयूचा. त्याला जेवताना ही गोष्ट सांगितली, तर तो खो-खो हसला आणि म्हणाला, मी १९८७ ला कॉलेजात गेलो, तेव्हा फुटबॉलच नव्हता! तुम्ही विचारलेलं प्रकरण ते हेच. खेळाडूंना गुपचूप पैसे दिले म्हणून १९८५ साली त्यांच्यावर आधीच कारवाई झाली होती. तरी १३ खेळाडूंना पैसे चालूच, का तर आधी शब्द दिलाय म्हणून. फेब्रुवारी १९८७ मध्ये एनसीएएने, म्हणजे तिथल्या कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या संघटनेने, तो अख्खा हंगाम रद्द केला. पुढच्या वर्षी बाहेरगावचे सामने खेळायची मुभा होती, पण संघच उरला नव्हता म्हणून कॉलेजने तेही सोडले. पैसे चालू ठेवायला मान्यता देणारा कॉलेजच्या नियामक मंडळाचा अध्यक्ष बिल क्लेमेंट्स? त्याने मार्चमध्ये ते कबूल केलं तेव्हा तो टेक्ससचा गव्हर्नर होता, आणि गव्हर्नरच राहिला. एसएमयू १९८४ नंतर एकदम २००९ मध्ये बोल सामना, म्हणजे चांगल्या संघांना हंगामाच्या शेवटी मिळणारा मानाचा सामना, खेळलं. मधल्या पंचवीस वर्षांत जी पोरं येऊन हरून गेली, त्यांनी कुणाकडून एक डॉलर घेतला होता?

पेन स्टेटचं तर आणखी विचित्र. सँडस्की या माजी सहायक प्रशिक्षकाने लहान मुलांवर लैंगिक अत्याचार केले, आणि वरिष्ठांनी ते दडवल्याचा ठपका कॉलेजवर आला. सँडस्की तुरुंगात गेला, जायलाच हवा होता. पण २०१२ मध्ये एनसीएएने कॉलेजला ६ कोटी डॉलर दंड, चार वर्षं बोल सामन्यांची बंदी, शिष्यवृत्त्यांत कपात असं सगळं सुनावलं, शिवाय १९९८ पासूनचे ११२ विजय पुसून टाकले. विजय पुसून कुठल्या मुलाला काय मिळालं? २०१५ मध्ये ते परतही दिले, म्हणजे स्वतःलाही पटलं नसावं. दंडाचं मात्र मला पटतं, कारण तो पैसा बालअत्याचार रोखण्यासाठी होता आणि खेळाडूंच्या खिशातून जात नव्हता. विद्यापीठाचा तेव्हाचा अध्यक्ष स्पॅनियर यात प्रत्यक्ष तुरुंगात गेला तो २०२१ मध्ये. दोन महिन्यांसाठी. खेळाडूंना शिक्षा एका दिवसात ठोठावता येते, अध्यक्षाला नऊ वर्षं लागतात.

मग काय करावं? ज्याची सही, त्याची नोकरी. शिक्षा सरांच्या नावावर चढली पाहिजे आणि ते ज्या कॉलेजात जातील तिथे मागोमाग गेली पाहिजे. एनसीएएकडे प्रशिक्षकांसाठी अशी तरतूद आहे, आपल्याकडेही असावी.

आता दुसरी बाजू, कारण आमचा तेव्हाचा कप्तान हे वाचणार. एसएमयूला आधी पकडूनही सुधारणा नव्हती, तिथे कडक शिक्षेवाचून इलाज नव्हता हे मान्य. दोन्हीकडच्या खेळाडूंना वर्ष न गमावता दुसऱ्या कॉलेजात जायची मुभा दिली होती, हेही खरं. आम्हाला टी.वाय.ला कोण घेणार होतं? आणि हो, नावाचा सराव मीही केला होता. एकोणीस वर्षांचा होतो, सरांना नाही म्हणायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

कप्तानाला हे पटत नाही. तो आता गावात मंडळ चालवतो. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, असं मी म्हटलं की त्याचं ठरलेलं उत्तर, "संन्याशी कोण रं त्यात? तुला म्हाईत नव्हतं व्हय?" मी मुलींच्या संघाचं नाव काढतो, तेव्हा तो गप्प होतो. पंधरा वर्षांत एवढाच मुद्दा मी जिंकलोय.

डिसेंबर २०२४ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफच्या, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्या फेरीत गाठ पडली ती याच दोघांची, पेन स्टेट आणि एसएमयू. मॅनेजरच्या घरी सामना बघितला, एसएमयू ३८-१० हरलं. मैदानावरच्या पोरांचा १९८७ साली जन्मही झालेला नव्हता. मी तसं कप्तानाला कळवलं, वाटलं आता तरी मानेल. त्याचा उलट मेसेज आला, "ते ऱ्हाऊंदे. त्या दिवशी हाक तूच मारलीवतीस."

मी मारली नव्हती. हाक प्रेक्षकांतून आली होती.