तुम्ही दिलेली संमती आधी मागे घ्या

तुमची हकिकत थोडक्यात अशी. तुम्ही दोघे ख्रिस्ती घरांत वाढलात, चर्चला जाणे सोडलेत, मुलीचा बाप्तिस्मा केला नाही. ती कोल्हापुरातल्या एका मिशनच्या शाळेत सहावीत आहे. तिच्या बहुतेक मैत्रिणी दर रविवारी उपासनेला जातात. शाळेत रोज सकाळी चॅपल, म्हणजे ख्रिस्ती उपासना असते. ती गेली नाही तर तिला ऑफिसबाहेर उभे करतात. जाब विचारला की प्रवेशाचा फॉर्म पुढे करतात. त्यात ‘सर्व धार्मिक कार्यक्रमांना आमची संमती आहे’ असे वाक्य आहे आणि खाली तुमची सही.

अशी पत्रे मला नेहमी येतात. कुठे चॅपल असते, कुठे रोजची आरती. कलम एकच: राज्यघटनेचे २८(३). शाळेला सरकारी मान्यता असली तरी पुरे, अनुदान असायलाच हवे असे नाही. अशा शाळेत मुलाला उपासनेला बसवायचे किंवा धर्मशिक्षण द्यायचे, तर पालकाची संमती लागते. अल्पसंख्याक संस्था म्हणून शाळा कलम ३०, म्हणजे अल्पसंख्याकांचा स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क, पुढे करील. पण २८(३) मध्ये अल्पसंख्याक शाळांना सूट नाही.

म्हणजे सगळे त्या सहीवर येऊन थांबते. फॉर्म न वाचता सही केलीत, आणि गेली दोन वर्षे फक्त वर्गशिक्षिकेच्या कानावर घालत राहिलात. तोंडी बोलण्याचा पुरावा कुठून आणायचा? गप्प राहिलेला प्रत्येक महिना ‘पालकांची हरकत नव्हती’ असे म्हणायला शाळेला उपयोगी पडतो.

आता याच आठवड्यात मुख्याध्यापकांना पत्र द्या. प्रवेशाच्या वेळी दिलेली संमती आजपासून मागे घेतो, उपासनेच्या वेळात मुलीला वाचनालयात बसू द्यावे, एवढेच लिहा. दोघांनी सह्या करा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच दिली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा. संमती मागे घेता येते असे कलमात शब्दशः नाही. पण एकदाच्या सहीने मूल दहावीपर्यंत बांधले जाते, असेही त्यात कुठे म्हटलेले नाही. मी तुमच्या बाजूने हाच युक्तिवाद करीन. शाळेने ऐकले नाही तर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार, आणि त्यानंतर उच्च न्यायालयात रिट याचिका. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आहे, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. तरी तारखा तारखाच असतात. निकाल लागेपर्यंत मुलगी शाळेतून बाहेर पडलेली असेल. म्हणून पत्रावरच भर द्या.

नीतिमूल्यांच्या तासाला हरकत घेऊ नका. धर्मांची ओळख करून देणे म्हणजे धर्मशिक्षण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये म्हटले आहे. तुमच्या शाळेतला तास नेमका कशात मोडतो, ते पुस्तक पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

जनरल रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे ‘ख्रिश्चन’ लिहिले आहे, ते बदलायचा अर्ज ती शाळेत असतानाच करा. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर दुरुस्ती फार जिकिरीची होते. धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकार करू शकत नाही, कोणालाही ‘धर्म नाही’ असे म्हणता येते, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा. रजिस्टरमध्ये रकाना कोरा ठेवायला शाळा किती सहज तयार होईल, याची खात्री मी देत नाही.

नाताळच्या नाटकात तिला मैत्रिणींबरोबर काम करायचे आहे, असे तुम्ही शेवटी लिहिले आहे. करू द्या. संमती सगळीच द्यायची किंवा सगळीच काढायची, असे बंधन नाही. ‘उपासना नको, नाटकाला हरकत नाही’ असे त्याच पत्रात लिहा, पण आधी तिला जवळ बसवून विचारा. चॅपलच्या वेळी एकटीने वेगळे बसायचे आहे ते तिला.