आधी कान तपासा

ताई, हाक मारल्यावर मूल वळून बघत नाही म्हणून लगेच ऑटिझमच्या थेरपीचे सहा महिन्यांचे पैसे भरू नका. आधी कानांची तपासणी. आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का हे बघणारी बेरा चाचणी लहान मुलांची झोपेत होते. कमी ऐकू येणारं मूलही तसंच वागतं, आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते.

मग विकासात्मक बालरोगतज्ज्ञ गाठा; परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी केंद्राची (मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखणारं सरकारी केंद्र) चौकशी करा, तिथे तपासणी मोफत असते. जाताना मोबाइलवर दोन-दोन मिनिटांचे चार-पाच व्हिडिओ न्या: जेवताना, एकटं खेळताना, इतर मुलांत, चिडल्यावर. दवाखान्यात मूल बुजतं, नाहीतर अगदी शहाण्यासारखं बसतं! बोटाने वस्तू कधी दाखवायला लागलं, पहिला शब्द कधी आला, आलेले शब्द गेले का, हे लिहून न्या.

एम-चॅट ही पालकांनी भरायची प्रश्नावली १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची ऑटिझमची चाळणी आहे, निदान नव्हे. अहवाल येईपर्यंत थांबूही नका. स्पीच थेरपी निदानाआधी सुरू करता येते.

एडीएचडीत, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यात, लक्षणं किमान सहा महिने आणि घर-शाळा दोन्हीकडे दिसावी लागतात. म्हणून वर्गशिक्षिकेकडूनही प्रश्नावली भरून घ्या. दंगा फक्त घरीच असेल तर आधी झोप आणि मोबाइलचे तास बघा.

दिव्यांग प्रमाणपत्राचं म्हणाल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणितातली अडचण) आहे. एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे सोबत अध्ययन अक्षमता वाटत असेल तर तिचीही चाचणी मागून घ्या.