लेक म्हणते, तुमचं देऊळ मेलेलं आहे

पत्र असं आलंय (थोडं कापलंय, ओळख पटेल ते काढलंय):

"ताई, सलाम. आम्ही वडगाव शेरीला राहतो, चार पिढ्यांचे ख्रिस्ती, मिस्टरांचे आजोबा नगरकडचे. मुलगी २६ वर्षांची, खराडीला आयटीत आहे. आठ महिन्यांपूर्वी मैत्रिणीने तिला फ्री बायबल कोर्सला नेलं. आता आठवड्यातून चार रात्री दार लावून झूमवर असते. ग्रुपचं नाव विचारलं तर म्हणते नावात काय आहे. देवळात, म्हणजे आमच्या चर्चला, येत नाही, म्हणते तुमचं देऊळ मेलेलं आहे. सासूबाईंच्या वर्षाच्या प्रार्थनेला आली नाही, क्लास होता. पाळकसाहेब म्हणाले हा कल्ट आहे, ऑर्थोडॉक्स नाही, आणि एक पत्रक दिलं. मला वाटायचं ऑर्थोडॉक्स म्हणजे मल्याळी लोकांचं ते. दीर म्हणतात फोन काढून घ्या आणि महिनाभर गावी नेऊन ठेवा. कल्ट ओळखायचा कसा आणि मी करू काय? – एक आई"

ताई, सलाम.

आधी तुमच्या दिरांचं. नको. अजिबात नको. मुलगी २६ वर्षांची आहे, कमावती आहे, तिला तिच्या मर्जीविरुद्ध कोंडून ठेवणं हा सरळ गुन्हा आहे. आणि शिवाय हे करून झालेलं आहे हो, अमेरिकेत १९७० च्या दशकात आईबापांनी पैसे देऊन माणसं लावली, मोठ्या मोठ्या मुलांना गाडीत घालून उचलून आणलं, खोलीत बंद करून रात्रंदिवस समजावलं. काही सुटली पण काही जास्तच चिकटली, आणि आईबापांवर केसेस झाल्या त्या वेगळ्याच. तिला ग्रुपमध्ये आधीच सांगून ठेवलं असणार की घरचे तुझा छळ करतील, मग तुम्ही ते खरं करून दाखवायचं कशाला?

आता ऑर्थोडॉक्स. तुमचा घोळ अगदी बरोबर आहे, मलाही पूर्वी हेच वाटायचं. केरळचं ऑर्थोडॉक्स चर्च हे एका चर्चचं नाव झालं. पाळकसाहेब म्हणतात ते वेगळं, त्याचा अर्थ ज्यांची श्रद्धा मूळ धरून आहे ते. म्हणजे रविवारी आपण उभं राहून जो विश्वासांगीकार म्हणतो ना, अर्धं लक्ष मटण कुकरला लावलंय का ह्यात असतं तेव्हा, तोच. एक देव, पिता पुत्र पवित्र आत्मा, येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, मेला आणि उठला. हे ३२५ साली निकेया नावाच्या गावी, आजच्या तुर्कस्तानात, बिशप मंडळींनी बसून ठरवलं, कारण एरियस नावाचा एक धर्मगुरू म्हणत होता की पुत्र हा निर्माण केलेला आहे, देवाच्या बरोबरीचा नाही. ३८१ ला त्यात भर घातली. कॅथलिक, आपलं सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथॉडिस्ट, मारथोमा, ते मल्याळी ऑर्थोडॉक्स, बहुतेक पेंटेकोस्टल, हे सगळे पोपवरून बाप्तिस्म्यावरून कितीही भांडोत, ह्या गाभ्यावर एक आहेत. तेव्हा टाळ्या, गिटार, अन्य भाषेत प्रार्थना, भाड्याच्या हॉलमधली उपासना ह्यावरून कुणाला कल्ट म्हणू नका, आपल्या लोकांना ती फार खोड आहे.

पण पत्रक देणाऱ्यांचं इथे काय चुकतं ते सांगते. ते एकच फूटपट्टी लावतात, शिकवण जुळते की नाही. मला विचाराल तर फूटपट्ट्या दोन आहेत आणि घरच्यांच्या कामाची दुसरी आहे, की माणसाला वागवतात कसं.

यहोवाचे साक्षीदार घ्या. त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानत नाहीत, म्हणजे पहिल्या पट्टीवर बाहेर. पण दारात येतात तेव्हा आपण कोण ते सांगून येतात. १९८५ ला केरळात त्यांच्या तीन मुलांना शाळेतून काढलं होतं, राष्ट्रगीताला उभी राहायची पण म्हणायची नाहीत म्हणून, आणि १९८६ ला सुप्रीम कोर्टाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. मला तो निकाल आवडतो. त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही, रक्त घ्यायचं नाही हा नियम जिवावर बेतू शकतो. आणि आता उलट बघा. जिम जोन्स. १९७८ च्या नोव्हेंबरात गयानाच्या जंगलात त्याच्या हुकमावरून ९०० च्या वर माणसं मेली, त्यात लहान मुलं किती तरी. तो माणूस अमेरिकेतल्या एका चांगल्या नावाजलेल्या जुन्या प्रोटेस्टंट पंथाचा दीक्षा घेतलेला पाळक होता, त्याचं चर्च त्या पंथाच्या यादीत होतं. बोर्ड बरोबर होता हो, पण आत काय चाललं होतं ते बोर्डावरून कळत नव्हतं.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काय खटकलं तर नाव न सांगणं. बाकी सगळं एक वेळ जाऊ द्या. आपला ग्रुप कोणता, वरचा माणूस कोण, पैसे कुठे जातात हे आठ महिने सांगता येत नाही? येशूला पकडून नेल्यावर महायाजकाने त्याच्या शिकवणीबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला मी सगळं उघड बोललोय, गुप्त काही बोललो नाही, योहान १८:२०. दक्षिण कोरियात शिनचॉनजी म्हणून एक पंथ आहे, १९८४ ला सुरू झालेला, २०२० मध्ये कोविडच्या सुरुवातीला दाएगू शहरात त्यांच्यात साथ पसरली तेव्हा जगभर बातम्यांत आला, कारण किती तरी जणांनी आपण त्यात आहोत हे घरी सांगितलेलंच नव्हतं. तुमच्या मुलीचा ग्रुप तोच असं मी म्हणत नाही, मला माहिती नाही आणि तुम्हीही अंदाजाने तिच्यासमोर नाव घेऊ नका, चुकलात तर ती हसेल आणि विषय संपेल.

ह्यातलं मला थोडं घरचं माहिती आहे. माझा भाचा, पुण्यात शिकायला होता, असाच एका ग्रुपमध्ये गेला (नाव लिहीत नाही). पहिले तीन महिने त्याच्यावर इतकी माया की आम्हालाच लाज वाटावी. वाढदिवसाला रात्री बाराला केक, पाऊस पडला की पोचलास का म्हणून सहा मेसेज. मग वही आली. दोनशे पानी, लाल पेनाने, बी = वचन, शेत = मन, पक्षी = आत्मा, झाड = अमुक, अशी पानंच्या पानं बरोबरची चिन्हं. मी म्हटलं हे कुणी ठरवलं रे? तर म्हणाला मावशी तुला आता नाही कळणार, तू बाहेरची आहेस. ज्या बाईने त्याला संडे स्कूलची गाणी शिकवली ती बाहेरची! मग आकडा आला, प्रकटीकरणातले (बायबलचं शेवटचं पुस्तक) १,४४,०००, तेवढेच निवडलेले. जगात ख्रिस्ती दोनशे कोटींच्या वर आणि जागा दीड लाखसुद्धा नाहीत, मग पोरगं झोपेल कसं, चार रात्री क्लास आणि पाचव्या रात्री पाठांतर.

त्याला आम्ही वादात एकदाही हरवलं नाही, हे लक्षात ठेवा. माझ्या बहिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं, त्याच दिवशी ग्रुपची परीक्षा. वरच्या मुलाने त्याला वचन ऐकवलं, मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू दे. अहो, आई जिवंत होती! तो परीक्षा सोडून हॉस्पिटलला आला. अकरा दिवस त्याचा फोन गप्प. मग एक मेसेज आला, तुझी सीट दुसऱ्याला देऊ का. केकवाले, पोचलास का वाले, सगळे गायब. त्याने तो मेसेज मला दाखवला, बोलला काहीच नाही, मीही बोलले नाही, चहा टाकला. त्यानंतरही पूर्ण बाहेर पडायला त्याला चार महिने लागले.

म्हणून मी म्हणते की शंका घेणाऱ्याचं आणि सोडून जाणाऱ्याचं काय करतात ते बघा. आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंनी १८८३ ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि नंतर तिथल्याच सिस्टरांशी पत्रांतून त्रैक्यावर कडाडून वाद घातला. सिस्टर चिडल्या, समजावलं, पण बाईंना कुणी मंडळीतून हाकललं नाही. कवी ना. वा. टिळकांनी तर १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा झालेले न झालेले सगळे चालतील म्हणाले. नवीनच होतं की ते, पण लपूनछपून काही नव्हतं. आणि त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा, मधली पाच वर्षं बाईंनी आपल्या मनाने घेतली.

आता कुणी म्हणेल बहिष्कार काय फक्त कल्टच घालतात का? नाही. ह्याच पुण्यात १८९० ला पंचहौद मिशनात चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या मागे ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकायचं प्रकरण, लागलं होतं. आणि आपल्या देवळांतही प्रश्न विचारणाऱ्याला कमिटीत कसं बघतात ते तुम्ही बघितलं असेलच. तेव्हा लेक देऊळ मेलंय म्हणते ना, ते पूर्ण खोटं आहे असं घरात गृहीत धरू नका. तिला विचारा, तुला तिथे काय मिळालं जे आमच्यात नव्हतं? आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा, मध्ये पाळकसाहेब आणू नका. बहुतेक वेळा त्रैक्यबिक्य काही नसतं, कुणी तरी तिची विचारपूस करतंय एवढंच असतं.

पैशांचं बघा. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवळाला देतात तो, वेगळा, कर्ज काढून दिलेले पैसे वेगळे. तिच्या नावावर लोन ॲप नाहीत ना, एवढं शांतपणे विचारा, तिचा फोन मात्र चोरून उघडू नका. नोकरी सोड, गोळ्या बंद कर, ग्रुपच्या घरात राहायला ये असं काही निघालं तर मग थांबू नका, वकील गाठा. भूत काढायच्या नावाखाली मारहाण वगैरे असेल तर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा सगळ्या धर्मांना लागू आहे, सरळ पोलिसांत जा. आणि तुमची स्वतःची झोप उडाली असणार, १४४१६ वर टेलिमानस आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात.

क्लास रात्री नऊला असेल तर साडेआठला तिचं ताट वाढत जा. नवऱ्यालाही सांगा, जेवताना बायबल काढायचं नाही. आणि सासूबाईंच्या प्रार्थनेला आली नाही ते ह्या महिन्यात तरी बोलून दाखवू नका. पत्रक कपाटात ठेवा, तिच्या उशीवर नको. दोन महिन्यांनी मला लिहा काय झालं ते.