चौदा वर्षांनंतरही ‘परत कधी जाणार?’

चांगवोनच्या भगिनीस सस्नेह नमस्कार.

तुमच्या पत्रातील मजकूर आधी इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही मूळच्या गडहिंग्लज तालुक्यातल्या. पुण्याजवळच्या एका कोरियन कारखान्यात दुभाषी म्हणून काम करत असताना तिथल्या अभियंत्याशी तुमचे लग्न जुळले आणि गेली चौदा वर्षे तुम्ही दक्षिण कोरियातील चांगवोन या शहरात संसार करत आहात. तुमची मुलगी पाचवीत आहे आणि ती जन्मतः कोरियन नागरिक आहे. तुम्ही मात्र अजून कोरियन नागरिकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एफ-६ व्हिसावर आहात. त्या भागातल्या ग्योंगसांग हेलाची कोरियन तुम्ही इतकी सहज बोलता की टॅक्सीवाले खूश होऊन कौतुक करतात आणि लगेच विचारतात, ‘मग परत कधी जाणार?’ यजमानांनी नागरिकत्वाच्या अर्जाचे कागद आणून ठेवले आहेत. हे वडिलांना फोनवर सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, ‘म्हंजे आता तू आमची न्हाईस तर.’ त्याच आठवड्यात शाळेने ‘बहुसांस्कृतिक दिवसा’साठी तुम्हाला साडी नेसून यायला सांगितले आणि मुलगी म्हणाली, ‘आई, तू येऊ नकोस.’ तुम्ही विचारले आहे: कागद बदलला तर मी कोण, आणि नाही बदलला तर जन्मभर पाहुणीच का?

या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. पहिली हक्कांची आहे आणि तिचा निकाल कागदाने लागतो. दुसरी आपलेपणाची आहे आणि तिच्याबाबतीत कागदाकडून फार अपेक्षा ठेवू नये. ‘एकदा नागरिकत्व घेतलेस की कोणी काही विचारणार नाही,’ असे तुमचे यजमान म्हणतात. ते प्रेमाने म्हणतात याबद्दल मला शंका नाही, पण तसे होणार नाही. टॅक्सीवाला तुमचा पासपोर्ट पाहून प्रश्न विचारत नाही, चेहरा पाहून विचारतो. फिलिपिन्समध्ये जन्मलेल्या आणि कोरियन माणसाशी लग्न करून तिथल्या नागरिक झालेल्या जॅस्मिन ली २०१२ मध्ये कोरियाच्या संसदेवर निवडून गेल्या, तरी निवडून आल्या आल्या त्यांच्यावर परकेपणावरून इंटरनेटवर शिव्यांचा भडिमार झाला. एवढेच कशाला, रक्ताने कोरियन असलेल्यांनाही ही कसोटी चुकलेली नाही. १९३७ मध्ये स्टालिनने ज्यांना मध्य आशियात हाकलले त्या कोरियनांची नातवंडे-पतवंडे आज ग्वांगजूसारख्या शहरात परत येऊन राहत आहेत, चीनमधून आलेले कोरियन वंशाचे लोक सोलच्या देरिम-दोंग भागात वर्षानुवर्षे राबत आहेत, आणि त्यांच्या उच्चारावरून त्यांना रोज वेगळे काढले जाते. त्यामुळे स्वीकार मिळावा म्हणून अर्ज करणार असाल, तर करू नका. तो अर्ज मंजूर झाल्यानंतरही हा प्रश्न ऐकू येईल आणि तेव्हा तुम्हाला अधिक लागेल.

याची दुसरी बाजू इंचॉन बंदराच्या चिनी वस्तीत दिसते. तिथले चिनी १८८२ च्या सुमारास येऊ लागले, त्यातले बहुतेक समुद्रापलीकडच्या शानडोंग प्रांतातले. त्यांनी रुजवलेले जाजांगम्यॉन, म्हणजे काळ्या रश्श्यातल्या नूडल्स, आज कोरियात घरोघरी मागवले जाते. तरीही त्या कुटुंबांमधील कित्येकांकडे पिढ्यान्‌पिढ्या तैवानचा पासपोर्ट राहिला, आणि त्यातल्या बहुतेकांना त्या पासपोर्टावर तैवानमध्येही आपोआप कायम राहता येत नाही. १९६१ च्या कायद्याने परदेशी माणसाच्या जमीन बाळगण्यावर घातलेली बंधने १९९८ पर्यंत टिकली, आणि कायम निवासाची सोय तर २००२ मध्ये झाली. ज्याचा आजोबाही तिथेच जन्मला, त्याला मुदतीच्या परवान्यावर राहावे लागत होते. या माणसांना तुम्ही ‘इथले नाहीत’ असे म्हणू शकाल का? मला म्हणता येत नाही. आणि त्यांना म्हणता येत नसेल, तर स्वतःलाही म्हणू नका.

तुमच्या पत्रातला एक परिच्छेद तुम्ही अगदी सहज लिहून गेला आहात, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटला. पाळी असते त्या सकाळी तुम्ही ‘हरित माता’ पथकाचे जाकीट घालून, पिवळा झेंडा आडवा धरून शाळेसमोरच्या चौकात उभ्या राहता. सिग्नल पडला की झेंडा उचलता, पोरे वाकून नमस्कार करत पलीकडे जातात, आणि एखादा चुकार मुलगा बुटाची नाडी बांधायला रस्त्याच्या मधोमध बसला तर त्याला तुम्ही थेट ग्योंगसांगच्या ठसक्यात दटावता. नोव्हेंबरात सासूबाईंबरोबर किमजांगला, म्हणजे हिवाळ्यासाठीची किमची घालायला, बसून कोबीच्या पानापानाला तिखट चोळता. जिथे आपण दुसऱ्याच्या लेकरांची काळजी वाहतो आणि जिथे चार माणसे ती आपल्यावर निर्धास्तपणे सोपवतात, तिथले आपण असतोच. ते कोणत्याही खात्याकडून मंजूर करून घ्यावे लागत नाही.

आता हक्कांकडे वळते. इथे मी स्पष्ट सल्ला देणार आहे.

नागरिकत्वाच्या अर्जाआधी एफ-५, म्हणजे कायम निवासाचा परवाना, घ्या. कोरियन नागरिकाशी विवाह करून दोन वर्षे तिथे राहिलेल्या जोडीदाराला त्यासाठी अर्ज करता येतो. उत्पन्नाच्या आणि भाषेच्या अटी असतात, पण तुम्हाला त्या जड जाऊ नयेत. हे मी का सुचवते आहे, ते नीट लक्षात घ्या. एफ-६ चा सगळा आधार तुमचे लग्न हा आहे. जोडीदार गेला, किंवा त्याच्या दोषामुळे लग्न मोडले, किंवा मूल तुमच्याकडे असले, तर कायद्यात सवलत आहे, पण नेमके आयुष्य कोलमडलेले असताना ती पुराव्यांनिशी मिळवावी लागते. तुमचा संसार सुखाचा आहे आणि तसाच राहो, तरीही चौदा वर्षे घर चालवणाऱ्या बाईचे तिथले राहणे दुसऱ्या कोणाच्या आयुष्यावर टांगलेले असू नये, असे मला मनापासून वाटते. कायम निवासाने ते तुमच्या स्वतःच्या नावावर होते. शिवाय तो मिळून तीन वर्षे झाली की स्थानिक निवडणुकीत मतदान करता येते. परदेशी रहिवाशांना हा हक्क देणारा कोरिया हा आशियातला पहिला देश. २००५ मध्ये कायदा बदलला आणि ३१ मे २००६ च्या निवडणुकीत अशा रहिवाशांनी प्रथम मत दिले. अध्यक्ष आणि संसद यांसाठी मत देता येत नाही, पण महापौर, प्रांताचा गव्हर्नर आणि शिक्षण विभागाचा प्रमुख निवडता येतो, म्हणजे मुलीच्या शाळेशी ज्याचा रोजचा संबंध आहे ती सत्ता तुमच्या मताच्या टप्प्यात येते. आणि या सगळ्यात भारताचा पासपोर्ट तुमच्याकडेच राहतो. एकच पथ्य आहे: सलग दोन वर्षांहून अधिक काळ कोरियाबाहेर राहू नये.

नागरिकत्वाचा विचार त्यानंतर करा, आणि त्या वेळी एक अडचण ध्यानात असू द्या. २०११ पासून कोरियाने लग्न करून आलेल्यांना मूळ नागरिकत्व ठेवण्याची मुभा दिली आहे. कोरियात त्याचा वापर करणार नाही, एवढी शपथ पुरते. भाषेच्या वर्गातली तुमची फिलिपिनो मैत्रीण त्यामुळे दोन्ही पासपोर्ट बाळगते आणि ‘तूही ठेव ना’ म्हणते. तिला ते जमते, तुम्हाला जमणार नाही. अडचण सोलची नाही, दिल्लीची आहे. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील कलम ९ प्रमाणे परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे आपोआप संपते, आणि पासपोर्ट दूतावासात परत करावा लागतो. त्याबदली परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांसाठीचे ओसीआय कार्ड मिळते. त्यावर आयुष्यभर व्हिसाविना येता-राहता येते, पण मतदान नाही आणि शेतजमिनीची खरेदी नाही.

हे नुकसान खरे आहे. ‘कागदच तर आहे’ असे म्हणणाऱ्यांचे ऐकू नका, कारण तुम्हाला त्याचे दुःख होत असेल तर ते दुःख योग्यच आहे. तरीही आपण नक्की काय गमावतो आहोत, हे मोजून पाहावे. परदेशस्थ भारतीयाला मत देता येते, पण त्यासाठी स्वतः गावच्या मतदान केंद्रावर हजर राहावे लागते. चौदा वर्षांत तुम्हाला ते जमले नाही, असे तुम्हीच लिहिले आहे. चांगवोनमध्ये मात्र मतदान केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर असेल. जिथे कर भरता, जिथे मूल शिकते आणि जिथे म्हातारपण काढायचे आहे, तिथल्या कारभारात आपला शब्द असावा, ही इच्छा म्हणजे मातृभूमीशी बेइमानी नव्हे. बिहारमधून गेलेले आणि बुसानच्या परदेशी भाषा विद्यापीठात शिकवणारे प्राध्यापक रॉय आलोक कुमार २०११ मध्ये कोरियाचे एक लाखावे स्वीकृत नागरिक झाले. त्यांना कोणी भारताचा द्रोही म्हटले तर तुम्हाला पटेल का? तोच न्याय स्वतःला लावा. माझे मत विचाराल तर कायम निवास लगेच घ्यावा, आणि संसदेच्या निवडणुकीच्या दिवशी घरात बसणे तुम्हाला असह्य होऊ लागेल तेव्हा नागरिकत्वाचा अर्ज करावा. यजमान घाई करतात किंवा सासूबाई ‘अजून कसे नाही’ म्हणतात, हे त्याचे कारण असू नये.

वडिलांबद्दल. त्यांच्या वाक्यामागे दोन भीती आहेत असे मला वाटते, आणि त्यातली एक तुम्ही माहितीने दूर करू शकता. गावाकडे असा समज असतो की मुलगी परदेशी झाली की शेतातला तिचा हिस्सा गेला. तसे नाही. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली ठेवता येते. विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. दुसरी भीती लेक दुरावण्याची आहे. तिच्यावर कायद्याचा उतारा नाही, पण त्यांना एक गोष्ट ठाऊक नसावी, ती जरूर सांगा. कोरियात लग्नानंतर बाईचे आडनाव बदलत नाही. इकडे लग्न केले असतेत तर सातबाऱ्यापासून रेशनकार्डापर्यंत सगळीकडे सासरचे नाव लागले असते. तिकडे चौदा वर्षे तुम्ही त्यांचेच आडनाव लावून वावरत आहात, आणि नागरिकत्व घेतले तरी ते ठेवता येईल. नवे नागरिक कौटुंबिक न्यायालयात जाऊन आपले आडनाव आणि कुळाचे मूळ गाव नव्याने नोंदवूही शकतात. कोरियाच्या पर्यटन महामंडळाचे प्रमुख झालेले मूळचे जर्मन ली चाम यांनी कुळाचे मूळ म्हणून जर्मनीचीच नोंद केली. वडिलांना हे फोनवर नको, दिवाळीत घरी याल तेव्हा समोर बसून सांगा. फोनवरच्या गप्पपणात त्यांना आणि तुम्हालाही फार काही कल्पून घेता येते.

आणि मुलगी. तुम्ही लिहिले आहे, ‘तिला माझी लाज वाटते.’ मला तसे वाटत नाही. पाचवीतल्या मुलीला इतरांसारखे असायचे असते. एरवी झेंडा घेऊन चौकात उभी राहणारी तिची आई तिला चालते, त्याबद्दल तिने कधी तक्रार केलेली नाही. तिला नको आहे ते आईला वर्गापुढे नमुना म्हणून उभे करणे, आणि त्याबरोबर स्वतःवर ‘बहुसांस्कृतिक मूल’ हा शिक्का बसणे. शाळेचा हेतू चांगला असेल, पण जी मुलगी तिथेच जन्मली, तिथलीच बोली बोलते, तिला वर्षातून एकदा ‘तू वेगळी आहेस’ असे सांगितले जाते आणि वर तिने खूश व्हावे अशी अपेक्षा असते. या वेळी तिचे ऐका आणि जाऊ नका. शिक्षकांना नम्रपणे सांगा की वर्गात एक पालक म्हणून कोणतेही काम करायला मी येईन, सहलीला येईन, पालक समितीवर बसेन, पण वेशभूषेसाठी नको.

तुम्ही आणखी एक जुना सल लिहिला आहे. ती तान्ही असताना पाळणाघरासाठी काढलेल्या कुटुंबाच्या दाखल्यावर बाप आणि लेक एवढीच नावे होती, आणि तिथल्या बाईंनी दबक्या आवाजात ‘आई नाही का?’ असे विचारले होते. परदेशी जोडीदाराला कुटुंबाचा सदस्य म्हणून त्या दाखल्यावर जागा मिळाली ती २०१८ मध्ये. तोवर तुमच्यासारख्या हजारो आया कागदावर आपल्याच घरात नव्हत्या. तो अपमान तुमचा एकटीचा नव्हता आणि तो तुमच्या कोणत्याही उणिवेमुळे झाला नव्हता. नियम चुकीचा होता आणि माणसांनी तक्रारी करून तो बदलून घेतला. तुम्ही त्यानंतर नवा दाखला काढला आहे की नाही, ते पत्रात नाही. काढला नसेल तर एफ-५ ची चौकशी करायला जाल त्याच आठवड्यात काढून घ्या. अर्जाला कोणकोणते कागद लागतील, हे १३४५ या परदेशी रहिवाशांसाठीच्या सरकारी क्रमांकावर आधी विचारा, म्हणजे खेपा वाचतील. आणि अर्ज भरताना आडनाव, तुमचे नाव आणि वडिलांचे नाव यांचा क्रम व मधल्या मोकळ्या जागा पासपोर्टात आहेत अगदी तशाच ठेवा. तिन्ही नावांच्या लांबीपायी आपल्या मराठी माणसांचे अर्ज आणि बँकेची खाती तिथे किती वेळा अडतात, याबद्दल कोरियातल्या इतर वाचकांनीही मला लिहिले आहे.