गिटारच्या तारा केव्हा बदलाव्यात?
तार तुटण्याची वाट पाहू नका. रोज तासभर वाजवत असाल, तर पोलादी तारांचा नाद साधारण २ महिन्यांत मंदावतो; मुंबई-कोकणाच्या दमट हवेत त्याहूनही लवकर. तारेच्या खालच्या बाजूने बोट फिरवा: फ्रेटवर (गिटारच्या मानेवरील धातूच्या आडव्या पट्टीवर) घासून पडलेल्या खाचा जाणवल्या, बोट काळे झाले किंवा पूर्वी सुरेल असलेली तार १२व्या फ्रेटवर बेसूर बोलू लागली, तर संपूर्ण संच बदला, कारण एकटी नवी तार जुन्यांमध्ये उपरी वाजते. बास गिटारचे गणित निराळे आहे. तिच्या जाड तारा बराच काळ टिकतात, आणि मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बासवादक जेम्स जेमरसन तर आपल्या फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा तुटेपर्यंत सहसा बदलतच नसत. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती फडक्याने पुसत जा.