बीडमध्ये मानसिक रुग्णांसाठी वेगळं कोर्ट आहे का? भाऊ सारखा पोलिसांत अडकतो, त्याने फरक पडेल का?

बीडच काय, अमेरिकेसारखं वेगळं कोर्ट आपल्याकडे नाहीच. तिकडं फ्लोरिडात १९९७ला सुरू झालं. न्यायाधीश तुरुंगाऐवजी उपचारांची अट घालतात, अधूनमधून बोलावून गोळ्या चालू आहेत का विचारतात. पुन्हा गुन्हा करणं त्याने घटतं, पण बेतानंच. घर, काम, दारू हे प्रश्न कोर्ट कुठं सोडवणार?

तुम्ही भावाचे जिल्हा रुग्णालयातले जुने केसपेपर वकिलाकडून कोर्टापुढे ठेवा. तो कोठडीत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. खरी गोची सुटल्यावर. ऊसतोडीला गेला की गोळ्या तुटतात आणि परत तेच. निघण्याआधी डॉक्टरांना सांगून जास्त दिवसांच्या गोळ्या घ्या. त्या मुकादमाकडे नको, वहिनींकडे द्या.